पहिले बैलले सांग

आमच्या ऑफिसात ‘चालत नाही’ हे दोन शब्द उच्चारायला बंदी आहे. तसा काही लेखी नियम नाही. पण प्रोग्रॅम चालत नाही, प्रिंटर चालत नाही, असं कुणी बोललं रे बोललं की कोपऱ्यातल्या टेबलामागून एक मान वर येते, चष्मा कपाळावर चढतो आणि विचारणा होते, “चालत नही म्हंजे काय, भो? बठेल शे, का निजेल शे, का घर सोडीसन पळी गयं?”

बसलंय, झोपलंय की पळून गेलंय हे धड सांगता आलं नाही, तर आल्या पावली परत जायचं. हे आमचे आबा.

पूर्ण नाव वसंत चिंधू पाटील. गाव धरणगावपासून दोन कोसांवर, राहायला जळगावात मेहरूणला, वय सत्तावन्न, आणि हुद्दा असा काही नाही. आमची कंपनी बारा माणसांची. केळीचे ट्रक आणि कापसाचे ट्रॅक्टर ज्यावर उभे करून मोजतात त्या मोठ्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. गाडी काट्यावर आली की वजन कॉम्प्युटरवर दिसायचं आणि पावती छापून यायची, एवढंच आमचं जगाला देणं. मालक पुण्याला शिकून आलेले आहेत, पण अडलं की तेही आबांच्या टेबलापुढे हात मागे बांधून उभे राहतात.

आबा स्वतः कॉलेजची पायरी चढलेले नाहीत. ते कापसाच्या एका जिनिंग मिलच्या काट्यावर पावत्या लिहायला होते. तिथे एक दिवस कॉम्प्युटर आला. तो बसवून देणारा माणूस जो गेला तो पुन्हा फिरकला नाही. मागे राहिलं ते विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक. आबांनी डिक्शनरी हाताशी घेऊन ते दोन वर्षं वाचलं. “इचारनार कोनले? आख्ख्या तालुक्यात मी आनि मशीन. मंग मशीनलेच इचारं,” असं ते सांगतात, आणि सांगताना चेहरा असा करतात की गड काबीज केला.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. पहिलं वर्षभर मला हा माणूस अजिबात आवडत नसे.

मी धुळ्याची. आबा मला नावानं हाक मारत नाहीत, ‘धुळेकर’ म्हणतात, आणि त्यात धुळ्याबद्दल आदर नसतो. इंजिनिअर झाले, गुणपत्रिका फायलीत घालून जळगावला आले आणि तिसऱ्याच दिवशी अडले. आता नवीन माणूस अडला तर जुनं माणूस शेजारी खुर्ची ओढून बसतं, बघू गं, म्हणतं. माझीही तीच अपेक्षा. मी आपली गेले आणि म्हणाले, “आबा, पावतीचा प्रोग्रॅम चालत नाही.”

बसलंय, झोपलंय, पळालंय झालं. मी म्हटलं, “एरर येतोय.”

“काय लिहेल शे त्यामा?”

“ते… मी बंद केलं.”

आबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दारशी पोस्टमन उना. कागद दिधा. तू तो वाचा नही, फाडी टाका. आनि आते माले इचारस, कागदात काय व्हतं?”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. ती शबाना. आमची टेस्टिंगची. माझे कान तापले. त्यात आबांनी पेन उचलून खिडकीकडे दाखवलं आणि म्हणाले, “पहिले बैलले सांग. त्याले नही समजनं तर मंग माले सांग.”

खिडकीपाशी एक स्टूल आहे. त्यावर पोळ्याचा मातीचा बैल. एक शिंग तुटलेलं, पाठीवर गेरूचे ठिपके. गळ्यात दोऱ्यानं अडकवलेला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर एकच शब्द: ‘मंग?’ म्हणजे आपलं ‘मग?’. अक्षर गोल, घोटीव, आणि ‘ग’च्या काठीला खाली शेपूट काढलेलं. आबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा हे त्यांनी लिहिलेलं नाही हे कुणालाही दिसत होतं. मग कुणी लिहिलं, हे मात्र आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही.

नियम असा की बैलासमोर उभं राहून आपली अडचण पहिल्यापासून, मोठ्यानं सांगायची. थांबलं की त्याच्या गळ्यातलं ‘मंग?’ वाचायचं आणि पुढे सांगायचं. गाढवापुढे वाचली गीता, हे आपण ऐकलेलं असतं. इथे नोकरीच्या तिसऱ्या दिवशी बैलापुढे वाचायची वेळ आली. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. तरी रागारागानं सुरुवात केली. “मी काल पावतीचा प्रोग्रॅम उघडला. त्यात तारखेची ओळ बदलली. मग सेव्ह केला.” मंग? “मग चालवला.” मंग? “मग तारीख जुनीच…” आणि तिथेच माझी जीभ अडली. सेव्ह केला होता एका फोल्डरात आणि चालवत होते दुसऱ्यातला. दोन तास. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी गुपचूप जागेवर येऊन बसले. आबांनी मानही वर केली नाही. फक्त म्हणाले, “बैल हुशार शे.”

बैलानंही दाद दिली नाही तर चिठ्ठी. पाठकोऱ्या कागदाचे चौकोनी तुकडे आबा स्वतः कापून ठेवतात. त्यावर पाच गोष्टी लिहायच्या. काय करायचं होतं, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं. चिठ्ठी नीट असेल तर आबा लगेच येतात. नसेल तर ती लाल शेरे मारून परत येते. ‘बहुतेक’ या शब्दाभोवती गोल आणि शेजारी ‘किती?’ एकदा मी पाचव्या ओळीत लिहिलं, ‘सगळं करून पाहिलं.’ चिठ्ठी परत आली. ‘बठ्ठं म्हंजे काय काय? यादी दे.’ मी यादी करायला बसले. ‘सगळं’ म्हणजे एकूण दोन गोष्टी निघाल्या, आणि त्यातली एक म्हणजे कॉम्प्युटर बंद करून परत चालू करणं.

शेवटी सवय झाली. सहा वर्षांत माझ्या चिठ्ठ्या कमी होत गेल्या, कारण तिसऱ्या ओळीपर्यंत पोचता पोचता उत्तर सापडतंच. म्हातारा हेच साधत होता, हे कळायला मला एक वर्ष लागलं. कळल्यावरही राग पुरता गेला नाही, हे खरं.

गिऱ्हाइकांनाही तोच न्याय. यावलहून केळीच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला, गाड्यांची रांग लागली आहे, मशीन मेलं, ताबडतोब माणूस पाठवा. आबा शांतपणे म्हणाले, “नाना, मशीनवर काय लिहेल शे?”

“काहीतरी इंग्रजी आहे हो!”

“अक्षरं वाचा.”

नाना अक्षरं वाचू लागले. पी. ए. पी. ई. आर. मधे दोनदा ट्रकवाल्यांना शिव्या झाल्या. मग ओ, यू, टी. “म्हणजे कागद संपला?” नाना बारीक आवाजात म्हणाले.

“मी नही म्हनत, नाना. मशीन म्हनी राह्यनं. आपन ऐकत नही,” आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

हल्ली सगळे एआयला विचारतात. शबानाला वाटलं, आता बैलाला सुट्टी. तिनं एकदा आबांच्या देखत मशीनला विचारलं, ‘माझा प्रोग्रॅम चालत नाही, काय करू?’ मशीननं अकरा उपाय दिले. आबांनी ते अकराच्या अकरा मन लावून वाचले आणि म्हणाले, “बिचारं. त्यानी बी इचारं नही, बठेल शे का निजेल शे. गरीब शे, जे सांगं ते ऐकी लेस.” दुसऱ्या दिवशी शबानानं तेच पाच ओळींत विचारलं. एकच उत्तर आलं, आणि ते बरोबर होतं. तिनं ते आबांना अजून सांगितलेलं नाही.

पण आबांचं सगळ्यात लाडकं वाक्य वेगळंच. कुठलाही बिघाड घेऊन जा, ते विचारणार, “काल चालत व्हतं ना? मंग काय बदलनं?” समोरचा हमखास म्हणतो, काहीच बदललं नाही. यावर आबा डोळे मिटून हसतात. त्यांच्या मते काही बदललं नाही म्हणणारा माणूस हटकून काहीतरी बदलूनच आलेला असतो, फक्त त्याला तो बदल वाटत नाही.

अलीकडचंच उदाहरण. धरणगावच्या एका जिनिंगमधून तक्रार आली की चार दिवसांपासून प्रत्येक ट्रॅक्टरचं वजन जास्त येतंय. तुमच्या सॉफ्टवेअरचा दोष. आबा आणि मी बसनं गेलो. तिथल्या सुपरवायझरनं छातीवर हात ठेवून सांगितलं, काहीच बदललं नाही. आबांनी काट्याला एक चक्कर मारली आणि एकच प्रश्न विचारला, “गाडी नसताना काटा काय दाखाडस?”

हे कुणी बघितलंच नव्हतं. बघितलं तर बहात्तर किलो. रिकामा काटा, बहात्तर किलो. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. आबा पलीकडे गेले. तिथे पत्र्याची सावली काट्याच्या कडेवर पडते, आणि त्या सावलीत खुर्ची टाकून एक वॉचमन बसला होता. पायाशी पाण्याचा कॅन, मांडीवर काठी, चेहरा तृप्त. चार दिवसांपूर्वी नोकरीला लागलेला. खुर्चीचे चारही पाय काट्याच्या पत्र्यावर.

“हाऊ नवीन शे ना?” आबांनी विचारलं.

“हो, पण तो काय बदल शे का?” सुपरवायझर म्हणाला. “तो तर मानूस शे!”

परतीच्या बसमध्ये मी पोट धरून हसले. आबा मात्र गप्प होते. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

आता घरचं सांगायला हवं. आबांच्या बायकोला, आक्कांना, दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगी लग्न होऊन नाशिकला. दिवसा एक इंदूताई येऊन सगळं बघतात, आणि साडेपाचच्या ठोक्याला आबा उठून घरी जातात. एवढं आम्हाला माहीत होतं. प्रश्न विचारायची एवढी शिस्त असलेल्या ऑफिसात, आबा, घरी कसं आहे, हा प्रश्न दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता. मीही नाही. आज त्याची लाज वाटते.

त्याच आठवड्यात शुक्रवारी सकाळी आबा उठले, माझ्या टेबलाशी आले आणि उभे राहिले. सहा वर्षांत ते पहिल्यांदा माझ्याकडे आले होते. मी घाईघाईनं स्क्रीनवरचं लपवायला लागले.

“धुळेकर,” आबा म्हणाले, “चालत नही.”

शबानाचा चहाचा कप हवेतच थांबला.

त्यांनी चिठ्ठी पुढे केली. त्यांचीच चिठ्ठी, कोंबडीच्या पायांची. काय करायचं होतं: हिनं जेवावं. काय केलं: रोज केलं तेच. काय व्हायला हवं होतं: चार घास तरी. काय झालं: मंगळवारपासून तोंड उघडत नाही. पाणी घेते चमच्यानं. प्रश्नाचं उत्तर देत नाही. पाचव्या ओळीला चिठ्ठी पुरली नव्हती. मागे टाचणीनं चार पानं जोडलेली. औषधं, तपासण्या, दात, घसा, खिचडी, पेज, शिरा, मुलीचा फोन, सगळं तारखेवार.

चिठ्ठीत एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती. मी ती दोनदा वाचली. “डॉक्टर काय म्हणाले?”

“म्हणे शरीरात खराबी काही दिसत नाही. सोमवारपर्यंत तोंडानं गेलं नाही तर नाकात नळी.” आबा घरचं बोलताना शुद्ध बोलतात हे मला तेव्हा कळलं. “मागे महिनाभर होती नळी. ती ओढून काढायची. म्हणून मग हात बांधावा लागायचा पलंगाला. डावा.” ते थांबले. “ती त्याच हातानं बोलते, धुळेकर.”

मी म्हटलं, “मी येते संध्याकाळी.”

मेहरूणचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. इंदूताई निघण्याच्या तयारीत होत्या. त्यांनी वाटीत ठेवलेली मुगाची पातळ खिचडी झाकून ठेवली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेल्या. आक्का पलंगावर उशीला टेकून भिंतीकडे तोंड करून होत्या. बारीक चण, पांढरे केस, डोळे उघडे. मी नमस्कार केला. त्यांनी बघितलं आणि परत भिंतीकडे वळल्या.

आबांनी पद्धत समजावली. आपला हात आक्कांच्या डाव्या हातात द्यायचा. प्रश्न असा विचारायचा की ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर आलं पाहिजे. अंगठा एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही. “प्रश्न वाकडा असला तर तिला त्रास. काय दुखतं, असं विचारून चालत नाही. पाठ दुखते का, असं विचारावं लागतं.” मला आमच्या लाल शेऱ्यांच्या चिठ्ठ्या आठवल्या. आम्हाला ‘बहुतेक’वरून छळणारा हा माणूस रोज साडेपाचला घरी येऊन आपल्याच तोंडून चुकीचा प्रश्न जाऊ नये म्हणून धडपडत होता.

“आबा,” मी म्हटलं, “मंगळवारच्या आधी चालत होतं ना? मग काय बदललं?”

“काहीच बदललं नाही.”

मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. आबांनी नजर चुकवली. “उलट सुधारणा केली,” ते म्हणाले आणि उशाखालची वही काढली.

पंधरा दिवसांपूर्वी आबांनी घरी शिस्त आणली होती. वहीत तेवीस प्रश्न, क्रमानं. भूक आहे का, पाठ दुखते का, कूस बदलू का, पंखा कमी करू का. घरी आलं की हात हातात घ्यायचा, तेवीस प्रश्न विचारायचे, पुढे एक किंवा दोन आकडा लिहायचा. आठ मिनिटांत संपतं, आबा म्हणाले. तिला थकवा नको म्हणून.

“आणि त्याआधी?”

“त्याआधी काही पद्धतच नव्हती. मी आपला येऊन बसायचो, चहा प्यायचो आणि बडबडायचो. ऑफिसचं. कोण अडलं, कोण रडलं, तू काय लिहिलंस चिठ्ठीत. तिला काय त्यात. एवढं आजारी माणूस, मी उगा डोकं खायचो.”

मी वही चाळत होते. एक, दोन, एक, एक, दोन. आणि रोजच्या यादीच्या तळाशी, तेविसाव्या प्रश्नाच्या खाली, आबांच्या अक्षरात: ‘३. अर्थ नाही.’ दुसऱ्या दिवशी परत: ‘३. अर्थ नाही.’ असं अकरा दिवस. मंगळवारी नुसती रेघ.

“हे तीन काय?”

“कधीकधी तीनदा दाबते. एक नाही, दोन नाही. हात थरथरत असेल. आधीही करायची.”

“कधी करायची? तुम्ही विचारल्यावर, की बोलता बोलता गप्प झाल्यावर?”

आबांनी वहीकडे पाहिलं. मशीनचं विटेएवढं पुस्तक एकट्यानं वाचलेल्या माणसाला हा प्रश्न पडला नव्हता. “गप्प झाल्यावर,” ते अगदी हळू म्हणाले.

मला तेव्हाही कळलं नव्हतं. खोटं कशाला सांगू. मी विचार करत स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, पाणी घ्यायला. फळीवर पितळी डबे ओळीनं, प्रत्येकावर पुठ्ठ्याची पट्टी. हळद. तीळ. दादर ज्वारी. मूग. अक्षर गोल, घोटीव. आणि ‘मूग’मधल्या ‘ग’च्या काठीला खाली शेपूट.

मी पेला तिथेच ठेवला. “आबा, बैलाच्या गळ्यातली चिठ्ठी आक्कांची आहे?”

“तिचीच. बैलही तिचाच, पोळ्याला केलेला. जिनिंगमध्ये होतो तेव्हा रोज रात्री… रोज जेवताना मी हिला सांगायचो, आज मशीन असं अडलं, तसं अडलं. हिला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसे. भाकरी थापता थापता नुसतं म्हणायची, मंग? मी सांगायचो. परत, मंग? आणि सांगता सांगता मलाच सापडायचं. तालुक्यात विचारायला कुणी नव्हतं असं मी तुम्हाला सांगतो ना…” आबा हसायला गेले, ते जमलं नाही. “ही होती.”

“मग आबा, एरर वाचला का नाही तुम्ही?” मी म्हटलं. “अकरा दिवस आला तो. अकरा दिवस तुम्ही खाली लिहिलंत, अर्थ नाही. त्या ‘मंग?’ म्हणतायत, आबा. तुम्ही आठ मिनिटांत वही मिटवता, आणि त्या म्हणतायत, मंग?”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, असं एरवी मी तोंडावर बोलून घेतलं असतं. सहा वर्षांनी संधी आली होती. पण आबा पलंगाच्या काठावर असे बसले होते की माझ्यानं काहीच बोलवेना. त्यांनी वही बाजूला ठेवली. चष्मा पुसला. आक्कांचा डावा हात हातात घेतला.

“धरनगावले गयथू,” ते म्हणाले. शुद्ध भाषा गळून पडली होती. “बुधवारले. ही धुळेकर व्हती संगे. तठे एक काटा शे. चार दिनपासून वजन जास्ती दाखाडे. बठ्ठा म्हनेत, काहीच बदलेल नही.”

आक्कांची मान भिंतीकडून हलली नाही. पण डोळे हलले.

“मी म्हनं, गाडी नसताना काटा काय दाखाडस? त्यासनी पाहं. रिकामा काटा, आनि बहात्तर किलो.” इथे आबा थांबले.

त्यांच्या सुरकुतलेल्या हातावर आक्कांचा अंगठा होता. मी बघत होते. तो एकदा दबला. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा, चांगला जोरात, रागावल्यासारखा.

आक्का मान वळवून आबांकडे बघत होत्या. आबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायला त्यांच्याकडे मोकळा हात होता, तरी ते पुसत नव्हते. मी वाटीवरचं झाकण काढून वाटी त्यांच्या त्या हाताजवळ नेली. त्यांनी चमचा भरला.

“सांगस ना,” ते म्हणाले. “पहिले घास ले. मंग सांगस.”

आक्कांनी क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिलं. हा सौदा त्यांना पसंत नसावा. मग तोंड उघडलं.

मी चपला घातल्या. खानदेशात पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाला चहा न विचारता कुणी जाऊ देत नाही, पण त्या दोघांना माझी आठवण नव्हती, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मागे आबा सांगत होते, तठे सावलीमा एक वॉचमन बठेल व्हता, मोठा निवांत. मग ते मुद्दाम थांबले. थोड्या वेळानं चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला आणि गोष्ट पुढे सुरू झाली.